७.६ ची गोळी आणि १५० मीटरची फेरी: हुकल्याचा भाव कोण ठरवतं?



जे हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचतायत त्यांना आधीच सांगतो, हे शब्दाला शब्द उतरवलेलं नाही. बोलताना मी तीन ठिकाणी अडखळलो, आणि एकदा आळेफाट्याकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकने असा काही हॉर्न मारला की अख्खा परिच्छेद पुन्हा रेकॉर्ड करावा लागला. ते सगळं गाळलंय. बाकी मजकूर तोच.

तर झालं असं, गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका मित्राने मला एक रील पाठवली. बर्फाचं मैदान, मोठे मोठे दिवे लागलेले, पायात लांब पट्ट्या लावून माणसं पळतायत आणि प्रत्येकाच्या पाठीवर रायफल. खाली लिहिलेलं की जगातल्या पहिल्या दोघांपैकी एक गडी या शर्यतीत एकतिसावा आला. मित्राचा प्रश्न एका ओळीचा: 'भावा, याला नशीब म्हणायचं का?'

आता हा मित्र पोलीस भरतीची तयारी करतो. मागच्या भरतीत एका मार्काने राहिला. गोळाफेकीत त्याचा सगळ्यात लांब पडलेला गोळा फाउल धरला, कारण पाय रेषेवर आला. त्यामुळे 'नशीब' हा शब्द तो उगाच वापरत नाही. मीही त्याला अंगठ्याचा इमोजी टाकून झोपलो नाही. म्हटलं, यावर एक भागच करू.

ती रील होती ११ फेब्रुवारी २०१८ ची. दक्षिण कोरियातलं प्योंगचांग, हिवाळी ऑलिंपिक, पुरुषांची बायथलॉन स्प्रिंट.

बायथलॉन म्हणजे काय, तर बर्फावर स्की लावून पळायचं आणि मध्ये थांबून रायफलने नेम मारायचा. स्प्रिंटमध्ये पुरुषांना १० किलोमीटर असतात, तीन फेऱ्यांत. पहिली फेरी झाली की झोपून पाच गोळ्या. दुसरी झाली की उभ्याने पाच गोळ्या. मग तिसरी फेरी मारून शेवटची रेषा. एकूण दहा गोळ्या, जास्तीची एकही मिळत नाही. रायफल पूर्ण वेळ पाठीवर, आणि ती किमान साडेतीन किलोची असावी लागते.

आता यातली एक गोष्ट आपल्याकडच्यांना लगेच कळेल, पुण्या-मुंबईवाल्यांना समजावून सांगावी लागेल. स्प्रिंटमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. एक सुटला की तीस सेकंदांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येकजण एकटा पळतो आणि घड्याळाशी पळतो. कोण जिंकलं ते नुसतं बघून कळत नाही, पुढे दिसणारा माणूस प्रत्यक्षात मागेही असू शकतो. हे कुठे पाहिलंय? बरोबर, घाटात! सातारा-सांगलीकडे बैलगाड्या शेजारी शेजारी एकत्र सुटतात. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घाटात एका वेळी एकच गाडा, भिर्रर्र म्हणत वर जातो आणि निकाल सांगतं घड्याळ. दुपारी दोनला पळालेला गाडा संध्याकाळपर्यंत पहिला असतो, मालक भंडारा उधळून मोकळा झालेला असतो, आणि शेवटच्या काही बाऱ्यांत कोणीतरी येऊन पाव सेकंदाने त्याला खाली ढकलतं. (ज्यांचं बालपण २०१४ ते २०२१ च्या बंदीत गेलं त्यांनी हे सगळं फक्त काकांच्या तोंडून ऐकलं असेल. असो.)

तर बायथलॉन स्प्रिंट हा असा घाट समजा. फक्त घाटात मध्येच गाडा थांबवून गाडीवानाने सुईत दोरा ओवायचा आहे. एकदा नाही, दहा वेळा. आणि दर वेळी दोरा हुकला की एक जादा फेरी.

ती जादा फेरी म्हणजे या खेळाचा सगळा जीव. नेमबाजीच्या जागेला लागूनच १५० मीटरचा एक छोटा गोल असतो. जितक्या गोळ्या हुकल्या तितके गोल मारायचे, मगच पुढे जायचं. चांगल्या खेळाडूला एका गोलाला साधारण २२ ते २५ सेकंद लागतात.

हा आकडा डोक्यात ठेवा आणि त्या रात्रीचा निकाल बघा.

पहिला आला जर्मनीचा आर्न्ट पायफर, २३ मिनिटं ३८.८ सेकंद. दहापैकी दहा गोळ्या लागल्या. दुसरा चेक प्रजासत्ताकाचा मिखाल क्रचमार्श, ४.४ सेकंद मागे, त्याच्याही दहापैकी दहा. तिसरा इटलीचा डोमिनिक विंडिश, ७.७ सेकंद मागे, त्याची एक गोळी हुकली.

आणि ज्या दोघांची नावं शर्यतीआधी सगळ्यांच्या तोंडी होती ते? फ्रान्सचा मार्तँ फुरकाद आणि नॉर्वेचा योहानेस थिंगनेस बो. त्या मोसमातल्या बहुतेक शर्यती या दोघांनीच वाटून घेतल्या होत्या. फुरकादच्या झोपून मारलेल्या पाचपैकी तीन गोळ्या हुकल्या. बोच्याही तीन हुकल्या, वर उभ्याने आणखी एक. फुरकाद आठवा. बो एकतिसावा.

आता जरा हिशोब करू, मला यातच मजा वाटते.

विंडिश ७.७ सेकंदांनी मागे होता आणि त्याने एक गोल मारला होता. तो गोल २२ सेकंदांचा धरा. म्हणजे ती एक गोळी लागली असती तर सोनं त्याचं होतं, आणि तेही आरामात. फुरकादने तीन गोल मारले, साठ-पासष्ट सेकंदांच्या पुढे गेला तो वेळ, आणि तरी तो पायफरच्या फक्त २२.१ सेकंद मागे होता. म्हणजे तीनऐवजी दोनच हुकल्या असत्या तर फुरकाद सोन्याच्या अगदी उंबरठ्यावर असता. पहिल्या तिघांमधलं अंतर पावणेआठ सेकंद आणि एका चुकीचा दंड त्याच्या तिप्पट. जिथे चुकीची किंमत ही सगळ्या व्यासपीठापेक्षा मोठी असते, तिथे नावावर पैज लावणाऱ्याचे पैसे बुडणारच.

बरं, त्यातही एक गंमत बघा. गोळी लक्ष्याच्या काठाला चाटून एक मिलिमीटर बाहेर गेली काय आणि एक हात बाहेर गेली काय, दंड तोच. १५० मीटर. बायथलॉनमध्ये 'थोडक्यात हुकली' असं काही नसतंच. माझ्या मित्राचा बूट रेषेवर बोटभर आला होता की अख्खा पाऊल पुढे गेला होता, हे जसं कोणी विचारलं नाही, तसंच.

एवढे मोठे खेळाडू हुकतात कसे?

हे तोंडी सांगून पटणार नाही. मोबाइल हातात आहेच, तर करून बघा.

बायथलॉनमध्ये लक्ष्य ५० मीटरवर असतं. झोपून मारताना ते ४५ मिलिमीटरचं, म्हणजे एखाद्या लिंबाएवढं. उभ्याने मारताना ११५ मिलिमीटरचं, चहाच्या बशीपेक्षा किंचित लहान. घरात ५० मीटर कुठून आणणार, म्हणून सगळं दहापट लहान करू. पाच मीटरवर, म्हणजे साधारण सात पावलांवर, भिंतीला शर्टाचं एक बटण चिकटवा. ते झालं उभ्याचं लक्ष्य. त्याच्या शेजारी मुगाचा एक दाणा चिकटवा. ते झालं झोपून मारायचं.

आता मोबाइलचा कॅमेरा उघडा, सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेघा चालू करा, झूम वाढवा, आणि दोन्ही हातांनी मोबाइल समोर धरून बटण मधल्या चौकोनाच्या बरोब्बर मध्यावर ठेवायचा प्रयत्न करा. जमतंय? जमेल, थोडं हलेल. आता जिना तीन वेळा पळत वर-खाली करा, नाहीतर बांधापर्यंत पळत जाऊन या, आणि लगेच तेच करा.

मी केलं. बटण चौकोनातून असं उड्या मारत होतं जणू त्यालाच दम लागलाय. आणि प्रत्येक उडी छातीच्या ठोक्याबरोबर.

कारण सरळ आहे. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त फेकतं, आणि तो धक्का नुसता छातीत राहत नाही, दंडातून, खांद्यातून, पंज्यापर्यंत जातो. श्वासाने छाती वर-खाली होते आणि रायफल त्याच छातीला, त्याच खांद्याला टेकलेली असते. पळून आल्यावर ठोके मिनिटाला दीडशेच्या वर असतात, म्हणजे सेकंदाला अडीच धक्के. आता रायफल साधारण मीटरभर लांबीची धरा. तिचं टोक एक मिलिमीटर हललं तर ५० मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर सरकते. एक मिलिमीटर! तुमच्या अंगठ्याच्या नखाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. लिंबाएवढं लक्ष्य त्यात अख्खं निसटून जातं.

मग हे लोक करतात काय? मैदान जवळ आलं की वेग थोडा कमी करतात, श्वास खोल घेतात, मग गोळीआधी अर्धा-एक सेकंद श्वास थांबवून घोडा दाबतात, पुन्हा श्वास, पुन्हा थांब. पाच गोळ्या अर्ध्या मिनिटाच्या आत. जास्त वेळ थांबलं की ठोके उतरतात हे खरं, पण घड्याळ काही थांबत नाही, आणि बर्फात अंगही गार पडतं. वर वारा असतो. सुरुवातीला नेम जुळवला तेव्हा वारा डावीकडून असेल आणि प्रत्यक्षात मारताना उजवीकडून आला, तर एकसारख्या चांगल्या मारलेल्या गोळ्याही एकाच बाजूला बाहेर जातात. त्या रात्री प्योंगचांगला थंडीही होती आणि वाराही.

तर या खेळात दोन विरुद्ध कामं एकाच शरीराला सांगितलेली असतात. एक म्हणतं छाती फुटेपर्यंत पळ. दुसरं म्हणतं दगडासारखा थांब. जो पळण्यात दोन सेकंद जास्त ओढतो, तो पुढच्या नेमात ते बावीस सेकंदांनी परत करू शकतो.

आपल्याकडची रायफल

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, पण हे सगळं बर्फातलं, युरोपातल्या लोकांचं. आळ्यात बसून आपण काय करायचं त्याचं? आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडचा.

मान्य. पण ५० मीटर, .२२ ची रायफल, झोपून आणि उभ्याने नेम, हे सगळं आपल्या एका माणसाने केलंय, आणि तोही निकाल असाच अनपेक्षित होता. स्वप्निल कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे गाव. वडील शिक्षक. २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे नेमबाजी घेतली, २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. सराव पुण्यात बालेवाडीला, प्रशिक्षक दीपाली देशपांडे. आदर्श कोण, तर धोनी, कारण तोही एकेकाळी तिकीट तपासनीस होता आणि मैदानात शांत असायचा.

त्याचा प्रकार आहे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने. यात पळायचं नसतं. जाड कडक जॅकेट असतं, रायफल बायथलॉनच्या रायफलपेक्षा बरीच जड आणि स्थिर असते. म्हणजे सोपं? थांबा. यातलं दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं माहितीये? १०.४ मिलिमीटर. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, ५० मीटरवर. तुमच्या भिंतीवरच्या बटणाशेजारी आता बारीक मोहरीचा एक दाणा चिकटवा. तो झाला स्वप्निलचा दहा.

आणि इथे नुसतं लागलं-हुकलं नसतं. केंद्राच्या जितकं जवळ तितके जास्त गुण, दशांशात मोजलेले, जास्तीत जास्त १०.९. म्हणजे बायथलॉनच्या उलट. तिथे काठाला चाटून हुकलेली गोळी आणि मैलभर हुकलेली गोळी सारखीच. इथे केसाएवढी चूकही मोजली जाते आणि केसाएवढीच वजा होते. ऐकायला हे जास्त न्यायाचं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग मी हांगझोऊची फायनल बघितली.

सप्टेंबर २०२३, चीनमधल्या हांगझोऊची आशियाई स्पर्धा. प्राथमिक फेरीत स्वप्निलचे ६०० पैकी ५९१. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल श्योराण यांच्याबरोबर सांघिक सुवर्ण, तेही १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह. मग वैयक्तिक फायनल. गुडघ्यावर, झोपून, स्वप्निल पुढे. उभ्याच्या टप्प्यातही पदक हातात आल्यासारखं दिसत होतं. आणि एक गोळी गेली ७.६ ला. शेवट चौथा. त्याच फायनलमध्ये ऐश्वर्यला रौप्य मिळालं.

७.६ म्हणजे किती चुकली ती गोळी? या लक्ष्यावर एक गुण म्हणजे केंद्रापासून आठ मिलिमीटर. हिशोब केला तर ती गोळी केंद्रापासून साधारण २६-२७ मिलिमीटरवर पडली. आता बायथलॉनचं उभ्याचं लक्ष्य आठवा, ११५ मिलिमीटर, म्हणजे केंद्रापासून काठापर्यंत साडेसत्तावन्न. स्वप्निलचं पदक नेणारी ती गोळी बायथलॉनमध्ये बिनदिक्कत 'लागली' असती. काळं लक्ष्य पांढरं झालं असतं आणि गडी रायफल पाठीला टाकून पुढे गेला असता. तीच गोळी, तेच ५० मीटर, उभं राहायची पद्धतही तीच. एका नियमाखाली पदक गेलं, दुसऱ्या नियमाखाली एक फेरीही पडली नसती.

म्हणून मी मित्राला म्हटलं, चूक किती मोठी हे गोळीला माहीत नसतं रे. तिचा भाव नियम लावतो. आणि तो भाव आधीच ठरलेला असतो, बाजार समितीतल्यासारखा रोज बदलत नाही. एवढीच काय ती सोय.

अजून एक गोष्ट, चूक केव्हा होते तीही. थ्री पोझिशनच्या फायनलला आठजण असतात. गुडघ्यावर १५, झोपून १५, मग उभ्याने. ४० गोळ्या झाल्या की शेवटचे दोघं बाहेर. त्यानंतर दर गोळीला एकजण बाहेर. गुडघ्यावर बसून ७.६ गेली तर भरून काढायला तीसेक गोळ्या हातात असतात. एकेक गडी गळायला लागल्यावर गेली तर पुढची गोळी मारायची वेळच येईल की नाही सांगता येत नाही. कैरोच्या २०२२ च्या जागतिक स्पर्धेतही स्वप्निल चौथाच होता, त्यातून भारताला ऑलिंपिकचा कोटा मिळाला खरा, पण पदक नाही. दोन मोठ्या स्पर्धा, दोन्हीकडे चौथा. आपल्याकडे चौथ्याचा बॅनर कोणी लावत नाही.

शातोरू

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हतीच, ती होती दक्षिणेला शातोरूला. ३१ जुलै २०२४ ला प्राथमिक फेरी. स्वप्निल ५९०, सातवा. वरचे आठ फायनलला. ज्याच्याकडून आपल्याला जास्त आशा होत्या तो ऐश्वर्य ५८९, एका गुणाने मागे आणि थेट अकरावा. बघा, एक गुण म्हणजे चार जागा. भरतीची मेरिट लिस्ट लागते तेव्हा असंच असतं.

सातव्याकडून कोण काय अपेक्षा ठेवणार? पण फायनलचा नियम असा की प्राथमिक फेरीचे गुण पुसले जातात. सगळे शून्यावर.

१ ऑगस्टला फायनल. सकाळी तो फक्त काळा चहा पिऊन गेला होता, असं त्याने नंतर सांगितलं. गुडघ्यावरच्या १५ गोळ्या झाल्या, १५३.३, सहावा. झोपून झाल्यावर एकूण ३१०.१, पाचवा. म्हणजे आठजणांत दोन-तृतीयांश फायनल संपली तरी पदकाच्या यादीत नाव नाही. टीव्ही बंद करून कामाला लागायची ती वेळ. मी रेंज नसलेल्या शेतात मोबाइल वर धरून उभा होतो, म्हणून बंद करायचा प्रश्नच नव्हता, तो आपोआपच अडकत होता.

मग उभ्याचा टप्पा, जिथे हांगझोऊला घात झाला होता. पाच गोळ्या ५१.१. पुढच्या पाच ५०.४. एकूण ४११.६. दोघं बाहेर गेले, हा टिकला, आणि वर सरकला. आता एकेक गोळी.

१०.५.

मग ९.४.

इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण हीच ती जागा. ९.४ म्हणजे वाईट नाही, पण घसरण अशीच सुरू होते. पुढची ९.९. पदक पक्कं. मग १०.०, आणि तो थांबला, तिसरा. ४५१.४. चीनच्या ल्यू युकुनला सुवर्ण, ४६३.६. युक्रेनच्या सेरही कुलिशला रौप्य, ४६१.३.

आकड्यांत दहा-बारा गुणांचा फरक दिसतो म्हणून कोणी कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की 'ब्राँझ लांबच राहिलं सोन्यापासून'. अहो, तो ४४ व्या गोळीला थांबला, ते ४५ मारून थांबले. एक अख्खी गोळी कमी आहे त्यात. आकडा वाचताना किती गोळ्यांचा ते बघत चला.

या चार गोळ्यांत एकही सोन्यासारखी मालिका नाही. १०.५, ९.४, ९.९, १०.०. पण त्यात ७.६ नाही. सगळं तिथेच आहे. फलकाकडे बघत नव्हतो, श्वासाकडे लक्ष होतं, नेहमीपेक्षा वेगळं काही करायचं नाही एवढंच ठरवलं होतं, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबाही कराडजवळच्या गोळेश्वरचे. दोन्ही वेळा दक्षिण महाराष्ट्र. उत्तर पुणे जिल्ह्याने नोंद घ्यावी.

मग नशीब की काय?

परत बर्फात जाऊ, कारण मित्राचा प्रश्न अजून बाकी आहे.

आर्न्ट पायफरला सगळ्यांनी 'अनपेक्षित विजेता' म्हटलं. पण हा माणूस २०११ मध्ये याच स्प्रिंटचा जागतिक विजेता होता. ऑलिंपिकमध्ये एकट्याचं पदक नव्हतं, एवढंच. म्हणजे आश्चर्य त्याच्यात नव्हतं, आश्चर्य आपल्यात होतं, आपण दोनच नावं पाठ करून बसलो होतो.

आणि हरलेल्यांचं काय झालं? दुसऱ्याच दिवशी, १२ फेब्रुवारीला, परस्यूट शर्यत होती. त्यात स्प्रिंटमध्ये जितक्या सेकंदांनी मागे राहिलात तितक्याच सेकंदांनी उशिरा सुटायचं. फुरकाद आठवा, बावीस सेकंद उशिरा सुटला, आणि सुवर्ण घेऊन आला. नेम लावणारे हात तेच, चोवीस तासांत बदलले नव्हते. एकतिसावा आलेला बो त्या दिवशीही सावरला नाही. पण १५ फेब्रुवारीला २० किलोमीटरची वैयक्तिक शर्यत झाली. तिथे हुकलेल्या गोळीला गोल मारायचा नसतो, सरळ एक मिनिट वाढतं, म्हणजे दंड स्प्रिंटच्या दुपटीहून जास्त. बोच्या दोन गोळ्या हुकल्या, दोन मिनिटं वाढली, आणि तरी सुवर्ण त्याचंच. रौप्य आणि ब्राँझ घेणाऱ्या दोघांची एकही गोळी हुकली नव्हती.

हे मला फार आवडतं. कारण नुसतं 'चुकू नका' एवढाच धडा असता तर हा निकाल लागलाच नसता. वीस किलोमीटरच्या शर्यतीत पळून दोन मिनिटं भरून काढायला जागा आहे, दहामध्ये चार गोल भरून काढायला नाही. कुठल्या शर्यतीत कुठली चूक परवडते, हा वेगळाच अभ्यास आहे, आणि मला वाटतं नेमाइतकाच महत्त्वाचा.

मित्राला हे सगळं मी परवा चहाच्या टपरीवर सांगितलं, फोनवरचे आकडे दाखवत. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने माझ्या फोनवरच हिशोब मांडला. १६०० मीटरमध्ये त्याचे सेकंद कमी होत होते, गेले चार महिने तो त्याच्याच मागे लागला होता, कारण धावणं मोजता येतं, रोज स्टॉपवॉच लावता येतं. गोळाफेकीचा सराव आठवड्यातून एकदा, तोही रेषा न आखता. मैदानावर चुना नसतो म्हणून.

'म्हणजे मी तीन वर्षं स्की करत होतो,' तो म्हणाला, 'आणि रायफल घरी ठेवली होती.'

काल संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून जाताना दिसला. सुतळीने गोल आखलेला, खिळे ठोकून पक्का केलेला. १६०० मीटर पळून यायचं आणि दम लागलेला असतानाच त्या गोलात उभं राहून गोळा टाकायचा, असं चाललं होतं. पाय सुतळीला लागला की मैदानाला एक जादा चक्कर. मी विचारलं, किती चकरा झाल्या? म्हणाला, आज पाच.

तर मंडळी, भिंतीवर बटण, मूग आणि मोहरी चिकटवून बघा. पळायच्या आधीचा आणि नंतरचा स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवा, सगळ्यात जास्त उड्या मारणारं बटण पुढच्या भागात जाहीर करू. मोहरीचा दाणा मध्यावर ठेवल्याचा दावा कोणी केला तर पुरावा लागेल. चला, भेटू, ट्रकवाले झोपले असतील अशा वेळी.